नववीतली वही आणि कसरीनं खाल्लेली ५० नंबरची ओळ

कऱ्हाकाठ
मंडळी, एक मदत हवीये, आणि त्या निमित्तानं जरा मनातलं बोलायचंही आहे. गेल्या आठवड्यात सासवडचं घर आवरायला गेलो होतो, तिथं माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझी नववीतली दोनशे पानी वही सापडली. पुठ्ठ्यावर 'भूगोल' लिहिलंय, आणि पुढच्या बाजूनं उघडली तर खरंच भूगोल आहे, पण उलटी धरून मागनं उघडली की सगळे बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेतले प्रोग्राम, शाईपेननं लिहिलेले, ओळींच्या नंबरांसकट. घर आवरायचं राहिलं बाजूला, मी तिथंच ट्रंकेवर बसून दीड तास वाचत होतो.

पुण्यात आमच्या शाळेत तेव्हा दोन बीबीसी मायक्रो आले होते, क्लास प्रोजेक्टमधून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९८४-८५ मधे सरकारनं देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळा निवडून तिथं कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केली होती, त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीनं बनवलेलं हे मशीन घेतलं. ३२ के मेमरी, ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर, वरती लालभडक फंक्शन कीजची रांग. खोलीच्या बाहेर चपला काढायच्या, आत गार हवा, खिडक्यांना जाड पडदे, मशीनवर शिवलेलं कापडी झाकण. सर झाकण काढून नीट घडी घालून ठेवायचे, बटण दाबायचे, दोन सुरांत बीप वाजायचा आणि क्षणात स्क्रीनवर मशीनचं नाव, खाली बेसिक, त्याखाली एक बाणासारखी खूण. एवढंच. पुढं काय करायचं ते तुम्ही सांगायचं.

आठवड्यातनं एक तास, एका मशीनवर पाच जण, म्हणजे माझ्या वाट्याला दहा-बारा मिनिटं यायची. म्हणून ही वही. आठवडाभर घरी बसून प्रोग्राम लिहायचा, समासात रकाने आखून प्रत्येक व्हेरिएबलची किंमत ओळीओळीनं लिहीत जायचं, एन एक झाला, दोन झाला, तीन झाला, आणि शेवटी काय छापलं जाईल ते खाली चौकटीत. मशीनपर्यंत पोचेस्तोवर तो प्रोग्राम माझ्या डोक्यात दहादा चालून झालेला असायचा. मी आज तीस वर्षं याच कामावर पोट भरतोय आणि मला प्रोग्रामिंग मशीननं नाही, त्या समासानं शिकवलं असं मला मनापासून वाटतं.

आता मदत. वहीत एक प्रोग्राम आहे तो आजोबांसाठी लिहिला होता, औटकीचा, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याचा. आजोबा मार्केट यार्डात अडत्याकडं दिवाणजी होते, त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला दिवे घाट उतरून एसटीनं ते मुद्दाम आले होते आणि मी त्यांना मशीनवर औटकी काढून दाखवली होती. प्रोग्राम असा आहे:

१० मोड ७
२० इनपुट "पाढा", पी
३० फॉर एन=१ टू ३०
४० प्रिंट एन, एन*पी
५० इफ ........ गेट
६० नेक्स्ट

५० नंबरच्या ओळीचा मधला भाग कसरीनं खाल्लाय. सुरुवातीचं इफ आणि शेवटचं गेट तेवढं शिल्लक आहे. मला ती ओळ आठवत नाहीये, आणि मला ती अंदाजानं नको, तेव्हा होती तशी हवीये. जाणकारांनी हात लावावा. आणि तुमच्याही आठवणी लिहा की, वाचायला आवडेल.

(ता.क. समोरच्या पानावर पेन्सिलीनं कुणाचा तरी हिशोब आहे, आकडे आणि उभ्या रेघा. तो घरातला किराणा वगैरे असावा.)

दुपारची_शाळा
अंगावर काटा आला वाचताना! आमची शाळा विदर्भातली पण खोली हीच, चपला याच आणि पडदेही हेच. आमच्या बाई तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रेनिंग घेऊन आल्या होत्या, एरवी गणित शिकवायच्या.

एक प्रसंग कधीच विसरणार नाही. त्या कीबोर्डवर वर उजव्या कोपऱ्यात ब्रेकची की होती. माझा साठेक ओळींचा प्रोग्राम टाइप करून झाला होता, अर्धा तास लागला होता कारण त्या दिवशी दोघी गैरहजर म्हणून मला त्यांचाही वेळ मिळालेला, आणि मैत्रिणीची कोपराची ढूस बसून ब्रेक दाबलं गेलं. स्क्रीन साफ. लिस्ट टाइप केलं तर काहीच नाही. मी रडायलाच लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, आता एकही ओळ टाइप करू नकोस, हात मागं घे. आणि त्यांनी तीनच अक्षरं दाबली, ओल्ड. एंटर. मग लिस्ट. सगळाच्या सगळा प्रोग्राम परत! नंतर त्यांनी फळ्यावर समजावून सांगितलं की मशीननं मेमरी पुसलेलीच नसते, फक्त सुरुवातीला एक खूण करून 'इथं काही नाही' असं लिहून ठेवलेलं असतं, ती खूण काढली की झालं. पुढं कॉलेजात पॉइंटर, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणाऱ्या खुणा, शिकवले तेव्हा वर्गात अर्ध्या मुलांना कळेना, मला मात्र ती दुपार आठवली आणि लगेच कळलं.

तुमच्या ओळीबद्दल: मोड ७ मधे स्क्रीनवर २५ ओळी मावतात आणि तुमचा पाढा तीसपर्यंत आहे, म्हणजे वरचे आकडे निघून जाणार. म्हणून मधे थांबवलेलं असणार. गेट म्हणजे एक की दाबेपर्यंत थांब. माझ्या मते 'इफ एन=२० देन के=गेट'.

शून्यएक
दुपारची_शाळा यांच्याशी सहमत, थांबवण्यासाठीच आहे ते. पण मी 'एन मॉड १०' म्हणेन, म्हणजे एनला दहानं भागून उरलेली बाकी, कारण मुलं पाढे दहा-दहाच्या टप्प्यानं म्हणतात. पान भरलं की थांबवायला व्हीडीयू १४ ही कमांड पण होती, पण मग इफ लागलंच नसतं.

मला खरं तर दुसरंच सांगायचंय, औटकी वाचून राहवलं नाही. कॉम्प्युटरच्या आत सगळे आकडे बायनरीत, नुसत्या ० आणि १ नी लिहिलेले असतात, अपूर्णांकसुद्धा, म्हणजे पॉइंटनंतरचं पहिलं घर अर्ध्याचं, दुसरं पावाचं, तिसरं अर्धपावाचं, असं. त्यामुळं पाव म्हणजे ०.०१, अर्धा म्हणजे ०.१, पाऊण म्हणजे ०.११, आणि औट म्हणजे साडेतीन, ते ११.१. संपलं, पूर्ण, एक कणही इकडंतिकडं नाही. उलट एक दशांश लिहायला जा, कितीही घरं लिहा, तो संपतच नाही, कुठंतरी तोडावाच लागतो आणि मग बेरजा किंचित चुकतात. पैशांचे हिशोब करणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं माहितीये.

आणि आजोबांच्या वेळचा रुपया कसा होता? १६ आणे, ६४ पैसे. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, बायनरीत ०.०००१. पैसा म्हणजे चौसष्टावा भाग, तोही नेमका बसतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर भाग झाले, तिथनं पुढं मशीनला तो रुपया नीट धरता येत नाही. तुमच्या आजोबांची पावकी-निमकी-औटकी त्या ६५०२ ला दशांशापेक्षा जास्त आपली वाटली असणार. मला हे आजच, हा धागा वाचताना सुचलं, इतकी वर्षं दोन्ही गोष्टी माहीत असून कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

कऱ्हाकाठ
शून्यएक, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवला असता. दोन्ही अंदाज पटतात पण २० की १० हे अजून ठरत नाहीये. बाकी लोकांनी लिहा.

टेपवाला
धागा आवडला. मी स्पेक्ट्रम या छोट्या घरगुती कॉम्प्युटरवाला, आणि आमचं मशीन घरी होतं, म्हणून अनुभव जरा वेगळा. मामा इंग्लंडहून येताना ८५ साली ४८ के स्पेक्ट्रम घेऊन आला, रबराच्या कीजचा, हातात धरला की एखाद्या वहीएवढाच. पण पहिला महिना तो नुसता खोक्यात होता कारण त्याचं सिग्नल यूएचएफ या टीव्हीच्या वेगळ्या बँडवर आणि आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला यूएचएफ नव्हतंच. शेवटी तपकीर गल्लीतल्या एका मेकॅनिकनं दोन दिवस स्वतःजवळ ठेवून आतून व्हिडिओची वायर बाहेर काढली आणि टीव्हीचा मागचा पत्रा उघडून तिथं थेट जोडून दिली. वीस रुपये घेतले, आणि चालू झाल्यावर तो स्वतःच बराच वेळ बॉर्डर ० ते ७ करून स्क्रीनच्या कडेचे रंग बदलून बघत बसला. जाता जाता, स्पेक्ट्रमचे आठ रंग उजेडाच्या क्रमानं लावलेत, काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा, त्यामुळं आमच्या टीव्हीवर ते बरोब्बर काळ्यापासनं पांढऱ्यापर्यंत चढत जाणारे करडे दिसायचे. रंग न दिसताही कुठला रंग कितवा ते मला पाठ झालं.

टेपचं तर काय सांगू. प्रोग्राम म्हणजे कॅसेट, पाच-पाच मिनिटं ती किर्रर्र, आणि अगदी शेवटाला शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला की गेलं, परत सुरुवातीपासनं. कॅसेट प्लेअरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो तो घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरनं कणाकणानं फिरवायचा, आवाज सगळ्यात खणखणीत येईल तिथं थांबायचं. मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटला वेगळा कोन, माझ्या कॅसेटला वेगळा. कान इतका तयार झाला होता की आवाजावरनं सांगायचो हा लोड होणार का नाही.

पण मला सगळ्यात जवळची आठवण दुसरी आहे. स्पेक्ट्रमवर २१ अक्षरं आपली आपण बनवता यायची, आठ बाय आठ ठिपक्यांची. ग्राफ पेपर घ्यायचा, चौकोन काळे करायचे, प्रत्येक ओळीचा एक आकडा. मी ठरवलं स्क्रीनवर मराठी आणायचं. सगळ्यात वरची ओळ २५५, म्हणजे आठही ठिपके पेटलेले, ती झाली शिरोरेघ, आणि शेजारी शेजारी छापलं की रेघ आपोआप जुळत जाते! ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीतनं उठून उभा राहिलो होतो. पण वेलांटीला जागाच नाही, मात्रेला नाही, रेघ खाली घ्यावी तर अक्षराचं पोट चेपतं. म्हणून असा शब्द शोधला ज्याला वेलांटी नाही, मात्रा नाही, रेघेच्या वर काहीच नाही. बाबा. एक ब, एक काना, दोनच अक्षरं बनवायची आणि आलटूनपालटून छापायची.

पहिला ब असा केला: २५५, २, ६२, ६६, ६६, ६६, ६२, २. रन केलं. बाबा मागं उभे. त्यांनी चष्मा वर केला, टीव्हीजवळ वाकले आणि म्हणाले, हा व झाला रे, याचं पोट फोड. खरंच की, मधली तिरकी रेघ राहिलीच होती. मधले तीन आकडे बदलले, ९८, ८२, ७४. परत रन. आणि काळ्या स्क्रीनवर पांढरं स्वच्छ 'बाबा'. ते काही बोलले नाहीत, जाऊन आईला हाक मारून घेऊन आले.

नंतर कितीतरी वर्षांनी सीडॅकचं जिस्ट कार्ड, म्हणजे भारतीय लिपी दाखवणारं कार्ड, लावलेला पीसी बघितला, जोडाक्षरं, रफार, सगळं व्यवस्थित स्क्रीनवर. त्या दिवशी कळलं की मी ज्या भिंतीला डोकं लावून बसलो होतो ती केवढी उंच होती आणि त्या लोकांनी काय काम करून ठेवलंय.

डंडीची_लेक
टेपवाला, तुमचा स्पेक्ट्रम बहुतेक आमच्या गावचा असणार :) माझे वडील तेव्हा स्कॉटलंडमधे डंडीला हॉस्पिटलमधे होते आणि स्पेक्ट्रम तिथल्याच टायमेक्सच्या कारखान्यात बनायचे. एप्रिल १९८२ ला आला तेव्हा १६ के १२५ पौंडांना आणि ४८ के १७५ ला. शेजारच्या घरातली बाई कारखान्यात कामाला होती, तिच्या मुलीबरोबर मी मासिकातले प्रोग्राम टाइप करायचे, एक जण वाचणार एक जण दाबणार. त्या मशीनवर अक्षर अक्षर टाइप करावं लागायचं नाही, पी दाबलं की अख्खा प्रिंट यायचा, जी दाबलं की गोटू, जे म्हणजे लोड. मला इंग्रजी नीट यायच्या आधी त्या कीज यायला लागल्या. घरी मराठी, शाळेत स्कॉटिश इंग्रजी, आणि तिसरी ही, आणि तिसरीत मी कुणापेक्षाही कमी नव्हते. तुमचा 'बाबा' वाचून डोळ्यात पाणी आलं. आम्ही घरात मराठी बोलायचो पण ते स्क्रीनवर येऊ शकेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

कृष्णामाई
मी तुमच्या सगळ्यांच्या थोडी आधीची. १९८३ ला सांगलीहून पुण्यात येऊन कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले. आम्हाला तर दहा मिनिटंही मशीन नाही. कोडिंग शीट असायची, छापील, ८० रकान्यांची. पहिले सहा रकाने ओळीच्या नंबराला, सातवा खुणेचा, आठपासून अकरापर्यंत काय सुरू करायचं आणि बारापासून पुढं काय, सगळं ठरलेलं, आणि बहात्तरच्या पुढं गेलात तर मशीन ते वाचतच नाही. पेन्सिलीनं, कॅपिटल अक्षरात, शून्यावर तिरकी रेघ मारायची म्हणजे 'ओ' बरोबर घोटाळा नको. ती शीट खिडकीतनं आत द्यायची, आतल्या मुली ते पंच करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याएवढा जाड कागदाचा गठ्ठा हातात. एकदा एक पूर्णविराम द्यायचा राहिला होता वर कुठंतरी आणि खाली चुकांची यादी चार पानं. एका ठिपक्यासाठी एक दिवस गेला.

त्यामुळं कऱ्हाकाठ, तुमचा समासातला रकाना म्हणजे काय ते मला अगदी कळतं. आम्ही मैत्रिणी हॉस्टेलवर रात्री एकमेकींच्या शीट तपासायचो, एक जण मशीन व्हायची. खरंच, 'आज मशीन कोण' असं विचारायचो. मशीन झालेलीनं लेखिकेच्या मनात काय होतं ते अजिबात समजून घ्यायचं नाही, फक्त कागदावर आहे तेवढंच करायचं. इतकं अवघड असतं ते! माणसाला चुकीच्या जागी सुद्धा बरोबर वाचायची सवय असते. मी पुढं सव्वीस वर्षं या क्षेत्रात काम केलं आणि नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हाच खेळ खेळायला लावायचे.

ओळीबद्दल, माझं मत १०. पण पुरावा नाही.

परभणीकर
मी ९६-९७ चा, त्यामुळं तुम्हा लोकांच्या मानानं खूपच उशिराचा पण आमच्या गावात तेच पहिलं. टीव्हीला जोडायचा गेमचा डबा यायचा ना, कीबोर्डवाला, त्याच्या कॅसेटीत गेमबरोबर एक बेसिक पण असायचं. गेम दोन महिन्यात संपले, मग एकदा ते बेसिक उघडलं आणि काहीच कळेना, नुसता चौकोन लुकलुकतोय. तालुक्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक फाटकं बेसिकचं पुस्तक मिळालं दहा रुपयाला, त्यातले निम्मे प्रोग्राम चालायचेच नाहीत त्या डब्यावर, मग का चालत नाहीत हे शोधण्यातच खरं शिकणं झालं.

आणि सेव्ह करायची सोयच नव्हती हो. डबा बंद केला की गेलं. लाइट तर दिवसाला आठ तास जायची. म्हणून वही. वही हीच आमची हार्डडिस्क. संध्याकाळी लाइट आली की कालचा प्रोग्राम वहीतनं परत पहिल्यापासनं टाइप करायचा, मग पुढं चार ओळी वाढवायच्या, मग त्या चार ओळी वहीत उतरवून घ्यायच्या आणि मगच जेवायला जायचं, कारण मधेच लाइट गेली तर त्या चार ओळी हरवायच्या. रोज टाइप करताना वाटायचं ही ओळ उगाच लांब आहे, हे दोनदा लिहिलंय, आणि टाइप करायचा कंटाळा म्हणून मी ते छोटं करायचो. महिन्याभरात शंभर ओळींचा प्रोग्राम चाळीसवर आला आणि तेच काम करत होता. पुढं नोकरीत लोक याला मोठमोठी नावं देतात, मी ते बोटं दुखायला लागली म्हणून शिकलो.

शून्यएक
परभणीकर, तुमच्या त्या डब्यातला प्रोसेसर बहुतेक ६५०२ च्याच घराण्यातला होता, म्हणजे कऱ्हाकाठ यांच्या बीबीसी मायक्रोचा भाऊबंद. दहा वर्षांच्या अंतरानं तुम्ही दोघं एकाच जातीच्या मशीनवर शिकलात. आणि त्याच एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढं एआरएम प्रोसेसर केला, पहिली चिप १९८५ ला आली. बीबीसी बेसिकही सोफी विल्सन यांनीच लिहिलेलं. आज तुमच्या खिशातला मोबाइल त्याच वंशावळीतला आहे.

मोडीमित्र
मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, मी जुन्या दप्तरांवर काम करतो, चोपड्या, रोजकीर्द, मोडीतले हिशोब. सगळा धागा वाचला, फार सुंदर. पण मघापासून एक गोष्ट खटकतेय. कऱ्हाकाठ, तुम्ही ता.क. मधे लिहिलंय की समोरच्या पानावर पेन्सिलीनं आकडे आणि उभ्या रेघा आहेत. त्या रेघा आकड्याच्या पुढं आहेत का? एक रेघ, दोन रेघा, अशा?

कऱ्हाकाठ
हो, आकड्याच्या पुढंच. कुठं दोन रेघा आहेत, कुठं काहीच नाही. एक रेघ कुठंच दिसत नाही. पहिले काही असे आहेत: ३॥, ७, १०॥, १४, १७॥, २१.

मोडीमित्र
अहो मग तो किराणा नाही! जुन्या हिशोबात एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन दंड म्हणजे पाऊण. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. तुमचं ३॥ म्हणजे साडेतीन, १०॥ म्हणजे साडेदहा. एक औट, दोन औट, तीन औट. ती औटकी आहे. आणि दिवाणजीचा हात आहे म्हणजे तुमच्या आजोबांनीच लिहिलीये, प्रोग्रामसमोर. आता मला सांगा, ते आकडे सलग एकाच रकान्यात आहेत का?

कऱ्हाकाठ
मी आत्ता वही समोर घेऊन बसलोय आणि मला दोन मिनिटं काही लिहिता आलं नाही.

सलग नाहीत. तीन रकाने आहेत. पहिला ३५ वर संपतो. मग आडवी रेघ मारलीये, आणि दुसरा रकाना वरनं परत सुरू होतो, ३८॥. तो ७० वर संपतो. मग तिसरा.

दुपारची_शाळा
दहाला ३५, वीसला ७०! म्हणजे प्रोग्राम दहाला थांबत होता आणि आजोबा तिथं रेघ मारत होते. मी माझं 'एन=२०' मागं घेते. इफ एन मॉड १०=० देन के=गेट. मिळाली तुमची ओळ.

शून्यएक
+१. आता शंकाच नाही. तुम्ही की दाबल्याशिवाय पुढचे दहा येत नव्हते, आणि आजोबांचा रकाना लिहून झाल्याशिवाय तुम्ही की दाबत नसणार.

कृष्णामाई
ते मशीनचं काम तपासत होते रे. पाठ होतं तरी लिहून पडताळा घेत होते. दिवाणजी माणूस, दुसऱ्याच्या बेरजेवर सही कशी करेल.

टेपवाला
मी आत्ताच ब्राउझरमधल्या बीबीसीच्या एम्युलेटरवर, म्हणजे त्या जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, टाइप करून चालवला. पाढा विचारतो, ३.५ दिलं, दहापर्यंत धडाधड आलं आणि थांबला. की दाबली, अकरा, ३८.५. तो बीप पण तसाच आहे, कऱ्हाकाठ, आवाज मोठा करून ऐका.

कऱ्हाकाठ
मंडळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाहीये, मोडीमित्र तुमचे विशेष. चाळीस वर्षं होत आली, मला वाटत होतं की त्या दिवशी मी आजोबांना काहीतरी दाखवलं आणि ते नुसते माझ्या मागं उभे राहून बघत होते. वही त्यांच्या हातात होती हे आता आठवतंय, मीच दिली होती धरायला, आणि कोटाच्या खिशातली ती बुटकी पेन्सिल. मी मान वळवून मागं बघितलंच नव्हतं, स्क्रीन सोडून.

काल रात्री टेपवाला म्हणाले तसा एम्युलेटरवर चालवला, वही शेजारी उघडी ठेवून. एकेक आकडा ताडून बघितला. सतरा औट, ५९.५, त्यांच्याकडं ५९॥. तेवीस, ८०.५, त्यांच्याकडं ८०॥. सगळे बरोबर.

तिसरा रकाना मात्र सत्ताविसावर थांबलाय, ९४॥. त्याच्या पुढं काही नाही. बहुतेक तेवढ्यात पुढची मुलं आली असतील, सरांनी वेळ संपली म्हटलं असेल, किंवा घाटातली शेवटची गाडी गाठायची असेल. खालच्या तीन जागा रिकाम्या होत्या. आज सकाळी मी बारीक टोक करून पेन्सिल घेतली आणि त्यांच्याच पद्धतीनं लिहिलं. ९८. १०१॥. १०५. मग खाली आडवी रेघ मारली.